सुगंधाबाईंच्या डाव्या हातातली कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. ऐकलंत आणि लगेच तोंड वाकडं केलंत ना? मला सवय आहे त्याची. माझं नाव चांगल्या अर्थानं घेतलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. पेपरात एखादं सरकार डळमळायला लागलं की तेही म्हणे कुबड्यांवर उभं असतं! अहो, माझ्यावर नीट भार टाकून उभं राहिलेलं माणूस डळमळत नाही, हे त्या पेपरवाल्यांना कोण सांगणार? म्हणून आज मीच माझी हकीगत सांगते. माझी म्हणजे खरं तर सुगंधाबाईंची. त्या बाईंचं मला इतकं कौतुक आहे की त्यांच्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकतच नाही.

माझा जन्म घाटकोपरच्या भटवाडीतला. गुणाजी नावाच्या सुतारानं मला घडवलं. एका शाळेनं मोडके बाक काढून टाकले होते, त्यातलं सागवान त्यानं आणलं, रंधा मारला, दांड्या तासल्या, मधे हात धरायला मूठ बसवली, वर काखेत टेकायला आडवी पट्टी लावली आणि खाली रबरी बूच चढवलं. एका बाकातून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी जुळी बहीण. माझ्या एका दांडीवर अजून कंपासच्या टोकानं कोरलेली 'सम्य' ही अक्षरं आहेत. कुणीतरी सम्यक असणार. 'क' कोरायच्या आत बाई वर्गात आल्या असतील बिचाऱ्याच्या! तेव्हा मित्रांनो, मी तुमच्यातलीच आहे. पाढे मीही ऐकलेत.

गुणाजीनं आम्हांला मुलुंड पूर्वेच्या एका मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रात दिलं. तुमच्या घराजवळही असं एखादं केंद्र असेल. आजारपणात लागणाऱ्या वस्तू तिथं मिळतात. चाकाची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी, आम्ही कुबड्या. काम झालं की वस्तू परत आणून द्यायची, म्हणजे पुढच्याला मिळते. हे केंद्र विद्याधरकाका सांभाळतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला कायम पेन, आणि शिस्त अशी की गादीनंसुद्धा सरळ पडून राहावं.

विद्याधरकाकांचा एक खास नियम आहे. आपल्यात घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. 'जातो' म्हणणं अशुभ. पण आमच्या केंद्रात सगळं उलटं. वस्तू परत करून निघालेला माणूस सवयीनं "येतो हं काका," म्हणाला की काका खेकसतात, "अजिबात यायचं नाही! जातो म्हणा!" मग तो माणूस ओशाळून हसतो, "जातो, जातो," म्हणतो आणि काका खूश होतात.

मी पुष्कळ जणांना चालवलं. दहीहंडीच्या थरावरून पडलेला एक पोरगा होता, जिन्यावरून घसरलेल्या एक मुख्याध्यापिका होत्या, भांडुपचे एक फुटबॉलवाले काका होते. सगळे मला सोडून गेले, आणि ते बरोबरच होतं. कुबडीच्या नशिबी लग्नातल्या करवलीसारखं सारखं मिरवणं नसतं. मग ॲल्युमिनियमच्या कुबड्या आल्या. हलक्या, चकचकीत, खटकन् उंची कमीजास्त होणाऱ्या. आम्हां दोघींची रवानगी माळ्यावर झाली. माझ्या बुचाचं रबर वाळून त्याला भेगा पडल्या. तिथं पडल्या पडल्या मला एकच वाटायचं, की आपल्यात अजून जोर आहे आणि तो नुसता कुजतोय.

पण एका श्रावणात सगळ्या चकचकीत कुबड्या बाहेर गेल्या आणि नेमके धाकूकाका दारात आले. मिठागर रोडला राहणारे, मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते आणि पुढं एका गोदामात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. वॉकरचे दिवस संपले होते आणि डॉक्टरांनी आता कुबड्या सांगितल्या होत्या.

विद्याधरकाकांनी आम्हांला खाली काढलं, फडक्यानं पुसलं, नवी रबरी बुचं बसवली आणि बजावलं, "धाकूभाऊ, हे बूच दर आठवड्याला बघायचं. रबर झिजलं की कुबडी घसरते, आणि नाव तिचं खराब होतं." काकांचे तेव्हा मी मनोमन पाय धरले.

घरी पोचलो तर स्वागत काय विचारता! सुगंधाबाई उंच खुर्चीवर बसल्या होत्या. गोल चेहरा, कपाळाला मोठं कुंकू आणि जीभ अशी की एक क्षण स्वस्थ नाही.

"ही काय लाकडं आणलात?" त्या कडाडल्या. "श्रावणात घरात लक्ष्मी आणतत, तुम्ही कुबडी आणलात! आणि एक पुरली नाय म्हणून दोन!"

"अगो, चालूक होयी ना तुका?" धाकूकाका म्हणाले.

"मी भिंतीक धरून चालान. ह्यांका आधी नजरेआड ठेवा, कुणी आला-गेला तर काय म्हणतीत?"

आणि खरंच, कुणी भेटायला आलं की आम्हांला फ्रिजच्या मागं सरकवायचं. मी काय चोरी केली होती? पण बाईंचा राग मला समजत होता. ह्या बाई पहाटे उठून अख्ख्या घराचं करायच्या, शेजाऱ्यांच्या बारशाला कुणी हाक मारली नाही तरी जाऊन मोदक वळायच्या. खुबा कित्येक वर्षं दुखत होता तरी कुणाला कळू दिलं नव्हतं. अशा बाईला काखेत लाकूड घेऊन चालायचं म्हणजे जिवावर आलं असणार.

त्यांना चालायला शिकवायला ऋता यायची. ऋता फिजिओथेरपिस्ट. तरुण, बारीक चणीची, स्कूटरवरून येणारी आणि बाईंच्या जिभेला मुळीच न घाबरणारी.

"मावशी, भिंत धरून चालाल तर भिंत असेल तिथंच जाल," ती म्हणाली. "उठा. भार काखेत नाही द्यायचा, हाताच्या मुठीवर द्यायचा. आणि पायरीचा नियम पाठ करा. चढताना शहाणा पुढे, उतरताना वेडा पुढे."

शहाणा म्हणजे चांगला डावा पाय आणि वेडा म्हणजे ऑपरेशन झालेला उजवा. बाईंना ही नावं इतकी आवडली की घरभर तीच चालू झाली. "आज वेडो बरो हा," असं त्या सुनेला ओरडून सांगायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावर भार टाकला तो मी कधी विसरणार नाही. मूठ घट्ट आवळलेली, ओठ दाबलेले. माझं जुनं सागवान करकरलं. पण त्यांनी "आई गं" म्हटलं नाही. खोलीच्या त्या टोकाला पोचल्या, घाम पुसला आणि ऋताला म्हणाल्या, "आता परत फिरू ना?" त्याच क्षणी मला ह्या बाई आवडल्या. मग रोज सकाळी पलंगावर पडून पाय बाजूला नेण्याचे व्यायाम, मग उभं राहून टाच उचलायची, मग आमच्याबरोबर फेऱ्या. कंटाळा हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता.

तरी दोन गोष्टी त्यांना फार खुपायच्या.

पहिली गोष्ट हातांची. मित्रांनो, आम्हां कुबड्यांचं हे दुखणं कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही पाय देतो, पण हात घेतो. दोन कुबड्या धरल्या की माणसाला चहाचा साधा कप उचलून नेता येत नाही. बाईंनी शेवटी गळ्यात कापडी पिशवी अडकवली. त्यात फोन, चष्मा, पाण्याची बाटली, सोलायचा लसूण, सगळं! "भिक्षा मागणाऱ्या गोसाव्यासारखी फिरतंय घरात," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. पण पाहुण्यांना चहा दुसऱ्याच्या हातून जायचा तेव्हा त्यांचं हसू मावळायचं.

दुसरी गोष्ट त्याहून खोल. चढताना शहाणा पुढे, म्हणजे बाहेरून घरात येताना उंबरठ्यावरून डावं पाऊल आधी आत. ते त्यांना फार लागलं. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून त्यांनी उजवं पाऊल टाकूनच घरात प्रवेश केला होता. आता रोज डावं. आणि भाद्रपद जवळ येत होता.

धाकूकाकांच्या घरी तेरड्याची गौर येते. त्यांच्या बिल्डिंगच्या मागं एक जुनी विहीर आहे, आता जाळी टाकून बंद केलेली, शेजारी तुळस. गौर तिथून आणायची. आणणारीनं तोंडात पाण्याची चूळ धरायची, अवाक्षर बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही. दोन्ही हातांत सूप, सुपात गौर. आणि उंबरठ्यावरून उजवं पाऊल आत. सासूनं हात धरून हा मान सुगंधाबाईंना दिला होता आणि एकाही वर्षी त्यांनी तो चुकवला नव्हता. धाकूकाका चेष्टेनं म्हणायचे, "वर्षातून एकदाच हिचा तोंड बंद असता. ती गौरीचीच कृपा!"

आता तुम्हीच बघा. दोन्ही हातांत सूप, म्हणजे माझ्यासाठी हात नाही. उजवं पाऊल आधी, म्हणजे अंगाचा सगळा भार क्षणभर नेमका त्या वेड्या पायावर. बाईंनी ऋताला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "गो बाय, गौर आणूक जमात मा माका?"

"पाय तोपर्यंत तयार होईल, मावशी," ऋता म्हणाली. "पण त्या दिवशी कुबडी नको असेल तर आज ती नीट टेकवायची."

आणि बाईंनी ती टेकवली हो! मन लावून. हळूहळू माझ्यावरचा भार कमी व्हायला लागला. डॉक्टरांनी एक कुबडी सोडायला सांगितलं. माझी बहीण केंद्रात परत गेली. तिला नेताना मला वाईट वाटलं, एका बाकातल्या आम्ही. पण बाईंचा एक हात मोकळा झाला ह्याचा आनंद त्याहून मोठा होता.

मात्र मी कुठल्या हातात राहायचं ह्यावरून घरात रण माजलं. बाई मला उजव्या हातात धरायला लागल्या. ऋता म्हणाली, "उलट्या हातात, मावशी. पाय उजवा, तर कुबडी डावीकडे."

"दुखता हयसर आणि आधार तयसर? ह्या खयचा शास्त्र?"

"तुम्ही उजव्या हातात पाण्याची भरलेली बादली उचलली की अंग कुठं झुकतं?"

बाईंनी उजवी मूठ आवळून बादली उचलल्यासारखं केलं, तर अंग डावीकडे झुकलं. मग मला डाव्या हातात घेतलं आणि चालून बघितलं. चाल एकदम सरळ झाली. "शिकलेली पोरगी हा, काय तरी असतला," एवढंच म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी उजव्या हातात कप धरून धाकूकाकांना चहा नेऊन दिला. काकांनी तो फुंकर न मारताच प्यायला, जीभ भाजली, पण चेहऱ्यावर हसू होतं.

तेव्हाच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण उत्साही माणसाला घाई फार. एका सकाळी ओट्यावर मस्त जाळीदार घावणे झाले होते. घरात थोडं थोडं माझ्याशिवाय चालायला ऋतानं परवानगी दिली होती, पण हात रिकामे ठेवून. बाईंनी मला ओट्याला टेकवलं, दोन्ही हातांत ताट आणि वाटी घेतली आणि निघाल्या. दाराशी पायपुसणं होतं, त्यात उजवा अंगठा अडकला. ताट उडालं, घावणे आणि नारळाचा रस फरशीवर, आणि बाईंनी दाराची चौकट कशीबशी पकडली. धाकूकाका धावत आले. काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोटो काढून बघितला, सांधा जागच्या जागी, एकदम झकास.

पण भीती शिरायची ती शिरलीच.

त्या दिवसापासून बाई मला सोडीनात. माझ्या काखपट्टीला त्यांनी आपल्या जुन्या मऊ साडीचं कव्हर शिवलं, निळ्या फुलांचं. टीव्ही बघताना मी मांडीवर, जेवताना खुर्चीला, झोपताना उशाशी. ज्या कुबडीला फ्रिजमागं ढकलत होत्या तिला आता पाहुण्यांसमोर थोपटून म्हणायच्या, "ही माझी भैन हो. हिच्याशिवाय माझा पान हलत नाय." एवढे लाड मला जन्मात मिळाले नव्हते. पण खरं सांगू? मला त्यात सुख नव्हतं. कारण जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते मला कळत होतं. माझ्यावर आता भारच येत नव्हता. मूठ नुसती धरलेली. बूच जमिनीला टेकतंय न टेकतंय. मी त्यांना चालवत नव्हते, त्याच मला चालवत होत्या! आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

गणपती आठवड्यावर आले. सून अपूर्वा शहाणी मुलगी, तिनं प्रेमानंच विषय काढला. "आई, यंदा गौर मी आणते. तुम्ही खुर्चीवर बसून मला सांगा काय काय करायचं ते. उगाच धोका नको."

सगळ्यांनी कानांत बोटं घालायची तयारी केली. आता तोफ सुटणार! पण बाई फक्त "बरं," म्हणाल्या. तेवढंच. आणि मला घट्ट धरून आत गेल्या.

धाकूकाकांच्या हातातला पेपर तसाच राहिला. बायको भांडली असती तर त्यांना काही वाटलं नसतं. पण "बरं"? इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा शब्द तिच्या तोंडून एकटा ऐकला नव्हता. संध्याकाळी ते ऋताला फोनवर म्हणाले, "पाय बरो झालो, पण बायको आजारी पडली."

"पाय बरा आहेच, काका," ऋता म्हणाली. "आता त्यांच्या डोक्याला ते पटायला हवं. माझ्या सांगण्यानं पटत नाहीये. तुम्ही बघा काही."

काकांनी काय केलं? काहीच नाही. त्यांनी बाईंना फक्त खाली फेरी मारायला नेलं. सोसायटीच्या आवारात मंडप घालायचं काम चाललं होतं. पावसानं चिखल झाला होता म्हणून पोरांनी तिथं ओली रेती पसरून, दाबून घेतली होती. बाई मला डाव्या हातात धरून रेतीवरून हळूहळू चालत गेल्या, टोकाला पोचल्या आणि वळल्या. काका मागं उभे होते, खाली बघत. एकदम त्यांचे डोळे चमकले.

"सुगंधा, हयसर ये. ह्या बघ."

"काय झाला? काय पडला काय?"

"तुझी पावलां बघ."

बाईंनी खाली बघितलं. रेतीत त्यांची पावलं स्पष्ट उमटली होती. डावं आणि उजवं. शहाणा आणि वेडा. दोन्ही सारखीच खोल, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. आणि माझं बूच? चहाच्या पेल्याचा ओला डाग टेबलावर राहतो, तसा एखादा पुसट गोल कुठं कुठं. बाकी ठिकाणी तोही नाही.

"हिच्यावर भार टाकलेलो असतो," काका म्हणाले, "तर ही रेतीत रुतली असती. खय रुतली? दाखव माका."

त्यांनी मला बाईंच्या हातातून घेतलं आणि स्वतः माझ्यावर सगळं अंग टाकून दाखवलं. मी कचकन् रेतीत घुसले, बुचाच्या वरपर्यंत. बाई त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या, मग आपल्या पावलांकडे.  त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे ह्या सगळा मीच चाललंय?" त्या म्हणाल्या.

"नायतर कोण? मी?"

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून म्हणावंसं वाटलं, हो बाई हो, तुम्हीच! किती दिवस मी हेच सांगायला तडफडत होते!

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. पहिलं काम, ते पायपुसणं हद्दपार. मग सुपात तांदूळ घालून बाई दोन्ही हातांत धरायच्या आणि चालायच्या. काका मला घेऊन मागं. ऋता आली, चाल बघितली, उंबरठा बघितला. संगमरवराची बोटभर उंचीची पट्टी. "मोठ्या पायरीला अजून शहाणाच पुढे," ती म्हणाली. "पण ह्या उंबरठ्यावर उजवा आधी चालेल. घाई नको. आणि पाय कोरडे." मग अपूर्वाकडे बघून तिनं पुन्हा म्हटलं, "पाय कोरडे!" अपूर्वानं स्वतःहून "आई, गौर तुम्हीच आणा," म्हटलं आणि सगळी तयारी अंगावर घेतली.

गौरीचा दिवस उजाडला. विहिरीपाशी बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या. बाई हिरवी साडी नेसल्या होत्या, नथ घातली होती. पूजा झाली. बाईंनी तोंडात पाण्याची चूळ घेतली, गाल फुगले. सूप दोन्ही हातांत घेतलं. तेरड्याची फुलं त्यांच्या हनुवटीला लागत होती. काकांनी मला उचललं आणि ते मागं चालू लागले.

काय ती चाल! सावकाश, पण सरळ. आवारातून, मंडपाच्या कडेनं. खालच्या मजल्यावरच घर, मधे दोनचार पायऱ्या. शहाणा पुढे, वेडा मागोमाग. बायका कौतुकानं बघत होत्या. मी काकांच्या हातात होते, बाईंपासून हातभर मागं.

दाराशी अपूर्वानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, सासूच्या पायांवर पाणी घातलं आणि खाली बसून दोन्ही पाय कोरड्या पंच्यानं निगुतीनं पुसले. आता उंबरठा.

बाईंनी उजवा पाय उचलला. पट्टीच्या पलीकडे ठेवला. आता डावा उचलायचा, म्हणजे सगळं अंग, सूप, गौर, सगळं काही त्या एका पायावर. आणि त्या थांबल्या. ह्याच घरात, अशाच एका दाराशी ताट उडालं होतं. सुपातली पानं थरथरायला लागली. तोंडात पाणी, त्यामुळं बोलता येत नाही. मागं वळून बघता येत नाही. काकांचा धीर सुटला. त्यांनी मला पुढं केलं, अगदी बाईंच्या डाव्या काखेपर्यंत. निळ्या फुलांचं कव्हर साडीला लागलं. माझ्या सागवानातला कण न् कण ताठ झाला होता. बाईंनी दंड नुसता खाली केला असता तर मी होते. मी त्यांना पडू दिलं नसतं.

सुगंधाबाईंनी सूप हातांत तसंच धरलं, आणि डाव्या कोपरानं मला बाजूला सारलं.

जोरात नाही. रागानं तर नाहीच. घाईच्या वेळी ओट्याशी मधे लुडबुडणाऱ्या लेकराला आई सारते ना, तसं. मग डावा पाय उचलला. तो वेडा पाय एकटा उभा राहिला, खांबासारखा. डावं पाऊल आत आलं. गौर घरात आली.

मित्रांनो, बाईंनी मला थोपटलं, उशाशी घेतलं, माझ्यासाठी कव्हर शिवलं. पण त्या कोपराइतकी मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

गौर चौरंगावर बसली. बाईंनी बेसिनपाशी जाऊन चूळ टाकली आणि मग काय, इतका वेळ अडलेला धबधबा सुटला. "बघलात मा? उजवो पाय आधी! आणि तुम्ही काय त्या लाकूड मधे घालीत होतात? गौरीक काय कुबडी घेवन आणतत?"  धाकूकाका कोपऱ्यात तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसत होते. अपूर्वानं सासूला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, पुढच्या वर्षीही तुम्हीच." बाई म्हणाल्या, "नाय गो. पुढच्या वर्षी तू. आता माका देऊक हरकत नाय."

विसर्जन झाल्यावर त्या स्वतः मला केंद्रात घेऊन आल्या. चालत. मला टेकवत नव्हत्या, बगलेत छत्री मारावी तशी मारून आणलं होतं. बरोबर डबा भरून करंज्या. विद्याधरकाकांनी माझं बूच उलटसुलट करून बघितलं. "वा! बूच वेळेवर बदललंय. कव्हर?"

"ता तिचाच. काढू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी मला बहिणीशेजारी भिंतीला टेकवलं, काखपट्टीवरून एकदा हात फिरवला. मग दाराशी गेल्या आणि आयुष्यभराची सवय, "येतंय हा..." म्हणता म्हणता थबकल्या. काकांनी भुवई उंचावली. बाईंनी ओठ घट्ट मिटले, गौर आणताना मिटतात तसे. मग हसल्या.

"जातंय," त्या म्हणाल्या. "जातंय गो बाय."

उजवं पाऊल टाकून त्या बाहेर पडल्या. मागं वळून बघितलं नाही. दोन्ही हात मोकळे होते आणि रस्त्यावर लागलेल्या पहिल्याच भाजीवाल्याशी त्यांची घासाघीस सुरू झालेली मला आतपर्यंत ऐकू येत होती.

आता मी पुन्हा भिंतीशी उभी आहे. निळ्या फुलांचं कव्हर बघून ॲल्युमिनियमच्या पोरी जळतात, जळू देत. मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखी कुणी पडली असेल तर तिला तिथं कुजवू नका. पुसा, बूच बघा, आणि जिथं तिची गरज असेल तिथं पोचवा. घरात कुणी आजारपणातून उठत असेल तर त्याला घाई करू नका आणि भिववूही नका. नुसते मागून चाला, धाकूकाकांसारखे. आणि पाय आपले आपण चालायला लागले की मला खुशाल कोपरानं बाजूला सारा. मी त्याचीच वाट बघत असते.